सहा महिन्यांच्या आत

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

ह्यांची २०१४ सालची कोरी डायरी ट्रंकेत सापडली. विद्यापीठात नोकरीला होते तेव्हा दरवर्षी एक मिळायची. वार यंदाच्या वारांशी जुळतात, म्हणून हीच घेतली. तीन-चार पानांवर ह्यांच्या अक्षरात काहीबाही लिहिलेलं आहे. ती पानं आली की वाचीन, आधी नाही.

पहिल्यांदा तारीख लिहून ठेवते. १४ ऑगस्टला इथे सासरच्या गावी आले. १४ फेब्रुवारीच्या आत परत ताविराला पोचायचं. पोर्तुगालमध्ये राहण्याचं माझं जे कार्ड आहे, ते सलग सहा महिने बाहेर राहिलं तर रद्द होऊ शकतं. माझ्या लेकीने, पूजाने, हे फोनवर तीनदा सांगितलं. मी म्हणाले, अगं सहा महिने कशाला, पाच आठवड्यांचं काम. १८ सप्टेंबरचं तिकीट हातात आहे.

काम एवढंच. रस्त्याकडेच्या आमच्या दीड एकरात ट्रॅक्टरचं शोरूम आहे. त्याचा भाडेकरार ३० सप्टेंबरला संपतो. त्या भाड्यावर आणि ह्यांच्या पेन्शनवर मी तिथे राहते. परवान्याची अटच तशी आहे. तिथे नोकरी करायची नाही, कोणाच्या जिवावर राहायचं नाही, आपल्या देशातून आपलं स्वतःचं उत्पन्न येतं हे कागदावर दाखवायचं. पुढच्या सप्टेंबरात कार्ड नवं करायचं आहे, तेव्हा नवा करार लागेल. जमिनीची वाटणी तोंडी झालेली. रस्त्याकडची आमची, कालव्याकडची मच्छिंद्र भाऊजींची. सातबाऱ्यावर मात्र दोन्ही घरांची नावं अजून एकत्र, म्हणून करारावर भाऊजींची सही आणि अंगठा लागतो. पाच वर्षांपूर्वी हे होते. तेव्हा भाऊजी चहाचा कप खाली ठेवून उठले आणि राहुरीला जाऊन सही करून आले. कप धुवायच्या आत, असं म्हणायचे हे.

आज मी विषय काढला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, सहीचं काय एवढं! पोळा होऊ द्या."

२९ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा झाला. आता गणपती उठू द्या म्हणतात.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खाटेवरच असतात. चौऱ्याऐंशी वय. कान शाबूत, आठवण गेली. संध्याकाळी फाटक वाजलं की विचारतात, "रंगनाथ आला का?" ह्यांना जाऊन साडेतीन वर्षं झाली. माझी धाकटी जाऊ राजेश्वरी रोज खरं ते सांगते, "न्हाई आत्याबाई, मोठे भाऊजी गेले न्हवं का." मग त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडतात. रोज. काल मी म्हणाले, "येतील." त्या हूं म्हणून कुशीवर वळल्या आणि झोपल्या. त्यात माझं काय गेलं?

राजेश्वरी भाकरी थापता थापता विचारत होती.

"अक्का, तिथं सकाळी कुनाला चहा करता?"

"मला."

"आन मग?"

"मग पिते."

ती इतकी हसली की तव्यावरची भाकरी काळी झाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, "नुसता एकच कप?" आता हसत नव्हती.

८ सप्टेंबर, सोमवार

"वहिनी, पित्रं लागली. पित्रात कोन सही करतं? तुमीच सांगा, तुमी तर लई वाचलंय."

मी चौथी शिकले. बाकीचं वाचन ह्यांनी घरी आणलेल्या पुस्तकांवर. विद्यापीठातून रद्दीत निघालेली घेऊन यायचे. आधी बियाण्यांची, मग किडींची, मग एकदा पोत्यात चुकून कादंबऱ्या आल्या. पितृपक्षात सही करू नये असं मी कुठेही वाचलेलं नाही. पण शोरूमच्या शेठना फोन केला तर तेही म्हणाले, मावशी, पंधरवडा जाऊ द्या, मलाही बरं वाटत नाही.

दोघंही म्हणतात म्हणजे असेल काहीतरी.

१७ सप्टेंबर, बुधवार

तिकीट पुढे ढकललं. आता १० ऑक्टोबर.

दोना लुर्देसने फोटो पाठवला. ही माझी घरमालकीण. सत्तरीची, काळी साडी नेसावी तसा रोज काळाच झगा. तिथल्या जुन्या बायका नवऱ्यामागे काळं घालतात. माझ्या खिडकीत फळांच्या लाकडी खोक्यात मी मेथी लावली होती, तिला फुलं आली आहेत. तिला वाटलं ते फुलझाड. खाली लिहिलंय, सुंदर.

पूजाला मार्चमध्ये डब्लिनला नोकरी लागली, ती ताविरा सोडून गेली. मी ताविरालाच राहिले. सगळ्यांना सांगितलं की माझं कार्ड तिथलं आहे, नाइलाज आहे. ते खरं आहे. पण मला तिथे एकटीला राहायचं होतं, हेही खरं आहे. दोन खोल्या, नदीवरचा पूल, पुलापाशी बाक. बाकावर पुस्तक घेऊन बसलं तर कोणी विचारत नाही, जेवलीस का, कोणाची कोण, किती मुलं. पहिले दोन महिने त्याचं वाईट वाटलं. मग एक दिवस लक्षात आलं की मी सकाळपासून ह्यांच्याशी मनात गप्पा मारतेय आणि कोणीही मध्ये बोललेलं नाही.

तिथे मला हे आठवतात. इथे हे नसतात. गोठ्यात नसतात, मोटारीच्या खोलीत नसतात, खुंटीपाशी नसतात.

२२ सप्टेंबर, सोमवार

ह्यांचं पहिलं पान आलं.

"मुक्ता – चष्मा. नंबर विचारणे."

तेव्हा मी पुस्तक हात लांब करून धरायचे. कोणाला काही बोलले नव्हते. वाटायचं, वाचायला लागले आणि डोळेच गेले, देवाला मान्य नव्हतं. ह्यांनी बघितलं होतं तर. फ्रेम तीच आहे अजून, काचा बदलल्या. मी त्यांच्या ओळीच्या खालून लिहायला सुरुवात केली आहे. वर जागा होती, पण नको.

आज घट बसले. भाऊजी म्हणाले, "घट उठेपर्यंत मी गावाची शीव वलांडत न्हाई." हे मला नवीन होतं. गेल्या वर्षीच्या नवरात्रात ते म्हशी घ्यायला घोडेगावच्या बाजारात गेले होते, ते राजेश्वरीने सांगितलेलं मला आठवतंय. पण व्रत माणूस कधीही धरू शकतो.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याचा दुसरा दिवस. भाऊजी स्वतःहून म्हणाले, चला. मी साडी बदलली, फाईल घेतली, पूजाचं मुखत्यारपत्र घेतलं, तिचंही नाव सातबाऱ्यावर आहे. शोरूमचे शेठ आधीच येऊन बसले होते.

राहुरीला नोंदणी कचेरीतल्या मशीनवर माझा अंगठा पहिल्या झटक्याला जुळला. कारकून म्हणाला, "आजी, काम सोडलंय वाटतं." भाऊजी हसले. मला ते लागलं.

भाऊजींचा अंगठा जुळेना. पुसला, धुतला, तेल लावलं, डावा लावला, बोटं लावली. मशीन नाहीच म्हणे. शेतकऱ्यांचं असं होतं म्हणे, रेषा झिजतात. कारकून चांगला होता. म्हणाला, "काका, आठ-दहा दिवस हाताला आराम द्या. रात्री खोबरेल लावा. माती नको, चुना-सिमेंट तर अजिबात नको. मग या, लगेच होईल."

येताना मी राहुरीत खोबरेलाची बाटली घेतली.

५ ऑक्टोबर, रविवार

गोठ्यातली गव्हाण दोन वर्षं फुटलेली होती. आज भाऊजींनी ती बांधायला काढली. सिमेंट हातानेच कालवलं. थापी शेजारी पडलेली होती. राजेश्वरी म्हणाली, "अहो, हातानं कशाला?" तर म्हणाले, "हातानं नीट बसतं." बाटली मी ओट्यावर दिसेल अशी ठेवली होती, ती तशीच आहे.

माणूस स्वभावाने कष्टाळू. त्यांना रिकामं बसवतच नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. दहा ऑक्टोबरचं तिकीट वाया गेलं. दिवाळी झाली. दिवाळीनंतर उसाची तोड. आता पूजा म्हणते, सही झाल्यावरच तिकीट काढू. करार संपला तरी शेठ शब्दावर भाडं देतायत.

आज बँकेत हयातीचा दाखला दिला. दर नोव्हेंबरला द्यावा लागतो. मी जिवंत आहे, अशी एक सही. मी पुन्हा लग्न केलेलं नाही, अशी दुसरी. रांगेत आम्ही बारा-तेरा बायका होतो.

घरी आल्यावर कागद कपाटात ठेवत होते तर राजेश्वरी आली. कार्ड बघायला मागितलं. तिने ते पदराला पुसून खिडकीशी धरलं. बराच वेळ.

"अक्का, फोटोत तुमी हसताय."

"हसायचं नाही म्हणून सांगितलं होतं. हसले नाही मी."

"हसताय. दात दिसत न्हाईत, पन हसताय." मग म्हणाली, "ह्याच्यावर कुनाची सही लागती का? घरच्या मानसाची?"

"नाही."

"आन तिथं सकाळी उठल्या उठल्या काय ऐकू येतं?"

मी सांगितलं. आठ वाजता पाववाल्याची गाडी येते, ती गल्लीच्या तोंडाशी दोनदा भोंगा वाजवते. समोरच्या धुराड्यावर करकोच्यांचं घरटं आहे, ते चोची वाजवतात, लाटण्यावर लाटणं आपटल्यासारखं. तिने लाटण्यावर लाटणं आपटून बघितलं. "असं?" "असंच."

आत्याबाई हाका मारत होत्या म्हणून मी गेले. कार्ड तिच्या हातात होतं, तिने ते जागेवर ठेवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्ड सापडत नाही.

पासपोर्ट आहे, बँकेचं पुस्तक आहे, ह्यांचं मृत्यूचं प्रमाणपत्र आहे. कार्ड तेवढं नाही. सकाळपासून कपाट चारदा खाली काढलं. राजेश्वरी माझ्याहून जास्त शोधत होती. कोंबड्यांच्या डालीखाली बघितलं, पिठाच्या डब्यात हात घातला. देवापुढे नारळ बोलली. संध्याकाळी माझे पाय चेपायला बसली. मी नको म्हणाले तर तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्यासाठी एवढं कोणाला वाटावं, मला तर लाजच वाटली.

भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. जे आपलं नसतं ते राहत न्हाई."

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोलीस स्टेशनला जाऊन आले. हवालदार म्हणाला, "काय हरवलं म्हणता, आधार?"

"पोर्तुगालमध्ये राहण्याचं कार्ड."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही?"

"मी."

"एकट्या?"

"एकटी."

"काय काम करता तिकडे?"

"काही नाही. तीच अट आहे."

त्याने दुसऱ्याला हाक मारली, "ए, इकडं ये, हे बघ. काम न करायचा परवाना. आपल्याला कुठं मिळतो का विचार." दोघं हसले. मलाही हसू आलं. पण दाखला त्याने दिला, आणि खुर्चीही दिली.

पूजा म्हणते आता दिल्लीला पोर्तुगालच्या वकिलातीत अर्ज, मग तिथून परवानगी, दोन महिने तरी लागतील. मी बोटांवर मोजले. दोन महिने म्हणजे जानेवारीअखेर. होतंय. होत असेल.

९ डिसेंबर, मंगळवार

शोरूमचे शेठ घरी आले होते. चहा घेतला. "मावशी, करार नाही तर इथून पुढे भाडं देता येणार नाही, हिशेबनीस ऐकत नाही." त्यांची चूक नाही. भाऊजींना मी त्यांच्यासमोरच विचारलं. भाऊजींनी दोन्ही अंगठे वर करून दाखवले, शाळेतल्या मुलाने नखं दाखवावी तसे. "हे बघा. जुळत न्हाईत त्याला मी काय करू?"

आत्याबाईंचं वाढलं आहे. आता दिवसातून सात-आठदा विचारतात. नुसतं "येतील" पुरेना. म्हणून मी ट्रंकेतला ह्यांचा शर्ट काढला, इस्त्री केली आणि खाटेवरून दिसेल अशा खुंटीवर लावला. दाराशी चपला ठेवल्या. त्या बघतात आणि गप्प होतात. शर्ट आहे म्हणजे माणूस जवळच कुठे तरी आहे, असं त्यांना वाटत असावं. युक्ती चांगली आहे.

आठवड्याने शर्ट बदलते. एकच शर्ट किती दिवस लटकलेला दिसणार?

२७ डिसेंबर, शनिवार

हल्ली वाचत नाही. पुस्तक उघडलं की कोणीतरी बोलावतं, आणि नाही बोलावलं तरी बोलावतील असं वाटतं. दोना लुर्देसचा निरोप आला होता, तो तसाच पडून आहे.

आज एक झालं. साडेपाचला फाटक वाजलं. मी उठले, चहा टाकला, दोन कपांत गाळला. एक कप खुंटीखाली, ह्यांच्या जागेवर नेऊन ठेवला, बशी झाकली. मग माझा घेऊन बसले. चांगली पाच-दहा मिनिटं बसले असेन. फाटक वाजवलं होतं वासराने.

मान वर केली तर राजेश्वरी दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हणाले, "आत्याबाईंसाठी ठेवलाय. त्यांना बरं वाटतं." आत्याबाई तर घोरत होत्या. ती आत आली. कप उचलला आणि बाहेर जाऊन मोरीत ओतला.

सवयीने होतं असं. त्यात एवढं तोंड पाडण्यासारखं काय होतं?

३१ डिसेंबर, बुधवार

डायरीचं शेवटचं पान. ह्यांनी लिहिलंय, "ह्या वर्षी डायरी लिहिली नाही."

पुष्कळ दिवसांनी हसले.

१६ जानेवारी २०२६, शुक्रवार

मागे टिपणांसाठी कोरी पानं आहेत, तिथे लिहिते.

दिल्लीहून काही नाही. पूजा आता जास्त विचारत नाही. माझ्या आवाजावरून समजून घेत असेल.

आज राजेश्वरीचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तिळाच्या वड्या मी केल्या. तीस-पस्तीस बायका येणार होत्या. चार वाजता मी आपणहून आतल्या खोलीत आत्याबाईंपाशी जाऊन बसले. कोणी सांगितलं नव्हतं, सांगावं लागत नाही. ताविरात पलीकडच्या घरी लग्न होतं तेव्हा दोना लुर्देसने मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिथे मला आणि तिला दोघींना तांदूळ उधळायला दिले. ते आज उगाच आठवलं.

बाहेर बांगड्या, उखाणे, हसणं. एकीचा आवाज आला, "मोठ्या जाऊबाई कुठंयत? फॉरेनवाल्या?" दुसरी म्हणाली, "अगं हळू."

तेवढ्यात राजेश्वरी ताट घेऊन आत आली. वाणाला तिने यंदा छोटे स्टीलचे डबे आणले होते. वाण सवाष्णींना देतात. तिने दार पायाने लोटलं, एक डबा माझ्या ओटीत ठेवला. मी म्हणाले, "अगं, मला कशाला? कोणी बघेल."

"बघू द्या."

"राजेश्वरी, बायका नावं ठेवतील तुला."

"ठेवू द्या. तुमी डबा आत्ता उघडू नका. मी बाहेर गेल्यावर उघडा." आणि गेली. दारात थांबली, पाठ माझ्याकडे. "शर्ट काढून ठेवा अक्का ते. मला बघवत न्हाई."

डब्यात तीळगूळ होता. तीळगुळाखाली रुमाल, रुमालात कार्ड.

तिला ते सापडलं असेल कुठेतरी. कपाटामागे पडलं असेल, झाडताना मिळालं असेल. बाहेर गर्दी होती म्हणून तिला तोंडाने सांगता आलं नसेल. मी विचारणार नाही. सापडलं, एवढंच लिहिते. रुमाल तिचाच होता, घडी मोडलेली, पुष्कळदा उघडून बंद केल्यासारखी.

फोटोत मी खरंच हसते आहे.

१८ जानेवारी, रविवार

भाऊजींना सांगितलं, कार्ड सापडलं, मी जाते. करार होवो न होवो.

ते खळ्यात बसले होते. बराच वेळ काडीने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, लोक मला विचारत्यात. मच्छिंद्र, तुजी भावजय तिकडं एकटी काय करती? मी काय सांगू?"

"सांगा, राहते."

"नुसती राहती? अशी कोन राहतं?"

"मी राहते."

"आन तिथं काय बरंवाईट झालं तर?"

"इथे झालं तर तुम्हाला तेरा दिवस बसावं लागेल. तिथे झालं तर तुमचा ऊस तरी वेळेवर जाईल."

त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. मग एकदम आवाज बदलला. "दादाच्या माघारी तुमी घरात असल्या म्हंजे दादा अर्धा तरी हाय असं वाटतं मला. तुमी गेल्या की मंग सगळंच गेलं." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. अंगठे आत घेतलेले.

मला वाईट वाटलं. इतकं वाटलं की मी जवळजवळ म्हणणार होते, राहते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ओट्यावरून राजेश्वरी ओरडली, "अक्का, पूजाचा फोन! तिकिटाचं विचारती." मी धावत गेले. फोन काळा होता. कोणाचा आलेला नव्हता. राजेश्वरी तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

मग मीच पूजाला फोन लावला.

हिशोब साधा आहे. भाडं नाही. हातात पेन्शन आणि थोडी शिल्लक. कार्ड सप्टेंबरपर्यंत चालेल. करार नसेल तर नवं होणार नाही. म्हणजे सात महिने. पूजा म्हणाली, "आई, सात महिन्यांसाठी?" मी म्हणाले, "हो."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारच्या बसने निघाले. हे बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय.

शर्ट धुऊन ट्रंकेत ठेवले. एक बरोबर घेतला.

आत्याबाईंच्या पाया पडले. त्यांनी माझा हात धरला. "कुठं चाललीस गं?"

"बाहेर चाललेय."

"येताना रंगनाथला घिऊन ये. लई उशीर केला त्यानं."

मी हो म्हणाले.

भाऊजींनी बॅग फाट्यापर्यंत आणली. वाटेत म्हणाले, "करायची सही आपन. तोड संपू द्या. मार्चमध्ये बघू." खोबरेलाची बाटली मी त्यांच्या उशाशी ठेवून आले आहे, ते सांगितलं नाही.

राजेश्वरी बस येईपर्यंत थांबली. शेवटी म्हणाली, "अक्का, पोचल्यावर फोन करा. सकाळी करा, तुमच्या सकाळी."

"करीन. काय बोलू?"

"काही बोलू नका. खिडकीत धरा नुसता."

बस सुटल्यावर मागे बघितलं. ती अजून रस्त्याच्या ह्या कडेला उभी होती. घर त्या कडेला आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार. ताविरा

मुदतीच्या चार दिवस आधी पोचले. दोना लुर्देसने खोली पुसून ठेवली होती. मेथी वाळली आहे, पण तिने बी एका कागदात बांधून ठेवलं आहे. करकोचे परत आलेत.

आठ वाजता चहा टाकला. एक कप. मग राजेश्वरीला फोन लावला. तिकडे दीड वाजला असेल. तिने उचलला, पण बोलली नाही. मीही बोलले नाही. खिडकी उघडली आणि फोन बाहेर धरला. पाववाल्याने दोनदा भोंगा वाजवला. करकोच्यांनी चोची वाजवल्या. कोणीतरी पुलावरून सायकल नेली. हात दुखायला लागला तरी मी तसाच धरून ठेवला.

मग फोन कानाला लावला. पलीकडे ती होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी फाटक वाजलं. आत्याबाईंचा आवाज आला.

"मुक्ता आली का?"

राजेश्वरी फोन न ठेवताच म्हणाली, "येत्याल, आत्याबाई. येत्याल."